दाराबाहेरची वाटी

बिदरला माझ्या समोरच्या फ्लॅटात एक गृहस्थ अकरा महिन्यांच्या करारावर राहत होते. ठाणाकुशनूरकडचे, एकटेच. बोलणं हळू, आणि प्रत्येक वाक्यानंतर "व्हय का न्हाई, अक्का?" असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचे. मीही एकटीच असल्याने उत्तर द्यायला मला घाई नसायची. दाराबाहेर ते एका भटक्या मांजरासाठी दुधाची वाटी ठेवत.

मुदत संपायला महिना उरला तेव्हा त्यांनी जिन्यातच घरमालकांना घर सोडत असल्याचं सांगितलं. मालक हसले. "मुदत संपली की करार संपलाच की. वेगळं सांगायलात कामून?"

"करारात लिवलंय, अण्णा, म्हैनाभर आधी कळवा म्हणून. बरं असतंय ते. एकाएकी गेलं की मागच्याला जड जातंय."

मग त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, मलाही सांगितलं.

त्यानंतर वाटी रोज थोडी सरकलेली दिसू लागली. मला वाटलं, झाडूवालीचा हात लागत असेल. एका सकाळी दार उघडलं, तर ते वाकून ती वाटी बोटांनी माझ्या उंबऱ्याकडे सरकवत होते आणि मांजर शेजारी बसून बघत होतं. ते ओशाळले.

"त्याला कोण सांगणार, अक्का?"

ते गेले. आता दूध मी घालते. मांजर पितं, तोंड पुसतं आणि निघून जातं; समोरच्या कुलपाकडे बघतही नाही.

मी बघते. महिनाभर आधी त्यांनी मलाही सांगितलं होतं.