चिमाजी एस. एन.

उज्वला आव्हाड यांना कोणी विचारलं असतं, की बाई, पुस्तक म्हणजे काय, तर त्यांनी मान वर न करता कपाटाकडे बोट दाखवलं असतं. नाशिक रोडच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या अकरा वर्षं कंत्राटी सहायक होत्या. पुस्तक द्यायचं, घ्यायचं, फाटलं तर डिंक लावायचा, उशिरा आणणाऱ्याला दोन शब्द ऐकवायचे, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शब्दांच्या व्याख्या करत बसायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती या मार्चमध्ये आली.

झालं असं, की महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला समिती येणार होती आणि समितीला संशोधनाची यादी हवी होती. पाच वर्षांत किती शोधनिबंध निघाले, कोणी लिहिले, आणि गेल्या पाच वर्षांत जगात किती जणांनी इथल्या लेखांचा हवाला दिला, मग तो लेख कितीही जुना असो. हे काम खरं तर रसायनशास्त्राच्या दीपक सरांचं. पण दीपक सरांची एक कला होती. ते स्वतःचं काम दुसऱ्याच्या टेबलावर असं ठेवत, की दुसऱ्याला आपला सन्मान झाल्यासारखं वाटावं.

"आव्हाड मॅडम, हे ग्रंथालयानंच करायला पाहिजे," ते म्हणाले. "पहिल्या पानावर व्याख्या घ्या. संशोधनाची निष्पत्ती म्हणजे काय, लेखक म्हणजे कोण, उद्धरण म्हणजे काय. मग माहितीचे स्रोत. मग यादी. शनिवारपर्यंत. खाली सही तुमची."

सही तुमची, म्हणजे चुकलं तर मानही तुमची. कंत्राट मेअखेर संपत होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

उद्धरणापासूनच गोंधळ सुरू झाला. उज्वलाबाईंना उद्धार माहीत होता. तो घरी सासूबाई त्यांचा अधूनमधून करत. उद्धरण हे काहीतरी निराळं निघालं.

"तुमच्या लेखाचं नाव दुसऱ्यानं त्याच्या लेखात घेतलं, की झालं एक उद्धरण," दीपक सरांनी समजावलं.

"चांगलं म्हणायला घेतलं की वाईट म्हणायला?"

"ते कोणी विचारत नाही, मॅडम. आकडा मोजायचा."

उज्वलाबाईंनी ते तस्संच वहीत लिहून घेतलं.

स्रोतांनी तर त्यांना पार चक्रावून सोडलं. एक संकेतस्थळ फुकटातलं, ते महाविद्यालयाच्या नावावर एकशे त्रेचाळीस लेख दाखवी. दुसरं वर्गणी भरून बघायचं, ते म्हणे अठ्ठावन्न. आणि विभागांनी स्वतः भरून दिलेले तक्ते एकत्र केले तर बेरीज दोनशे अकरा. महाविद्यालय तेच, माणसं तीच. एका सरांनी परिषदेत भाषण केलं ते एक, त्याचा सारांश छापला ते दोन, पुढे लेख झाला ते तीन, असं मोजलं होतं. दुसऱ्यांनी स्मरणिकेतलं स्वागतपर मनोगत संशोधनात धरलं होतं. आता यातली खरी निष्पत्ती कोणती म्हणायची? भाकरी एक आणि तवा, परात, टोपली असे तीन ठिकाणी मोजल्यासारखा प्रकार होता.

त्यात दीपक सरांनी सांगितलं, की प्रत्येक लेखकाला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, त्याला ऑर्किड म्हणतात, तो मागवा. उज्वलाबाईंनी सूचना फिरवली : सर्व प्राध्यापकांनी आपापले ऑर्किड दोन दिवसांत ग्रंथालयात जमा करावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर एक जांभळ्या फुलांची कुंडी होती. मराठी विभागाच्या सरांनी पाठवली होती, सोबत चिठ्ठी, की एवढंच आहे, जपून परत करावं. उज्वलाबाईंना आधी हसू आलं आणि मग रडू यायच्या बेतात होतं. कारण चूक त्या सरांची होती की सूचनेची, हेही त्यांना सांगता येईना.

एक व्याख्या मात्र त्यांनी ठामपणे लिहिली. सायली नावाची वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी.ची मुलगी आली होती. तिच्या प्रकल्पावर तिचा लेख छापून आला होता आणि तो यादीत यावा असं तिला वाटत होतं. दीपक सर म्हणाले, विद्यार्थी धरायला लागलो तर अंत नाही. मग उज्वलाबाईंनी पहिल्या पानावर टंकलं : लेखक म्हणजे महाविद्यालयात शिक्षक म्हणून नेमणूक असलेली वा पूर्वी असलेली व्यक्ती.

"पण काम मी केलंय, मॅडम," सायली म्हणाली.

"व्याख्येत बसत नाही, बाळा," उज्वलाबाई म्हणाल्या. आपण लिहिलेल्या वाक्यात एवढी ताकद असते हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

वर्गणीवाल्या स्रोतातून त्यांनी यादी उतरवली, तेव्हा एक ओळ सगळ्यात वर आली. लेखक : चिमाजी एस. एन. वर्ष २००६. गेल्या पाच वर्षांतली उद्धरणं एकसष्ट. पुढे एक लांबलचक आकडा. लेखाचं नाव त्या उताऱ्यात आलंच नव्हतं. बाकी सगळ्या महाविद्यालयाची मिळून उद्धरणं होती चव्वेचाळीस.

चिमाजी हे उज्वलाबाईंच्या वडिलांचं नाव. बघून बरं वाटलं, इतकंच. वडील सिन्नरकडे शेती करून सुखानं गेले, सातवी शिकलेला माणूस, त्यांचा या यादीशी काय संबंध?

दीपक सर मात्र खुर्चीतून उठलेच. "हा माणूस शोधा, मॅडम. नेमणुकीचा पुरावा हवा. तुमच्याच व्याख्येत लिहिलंय. शनिवारपर्यंत सापडला नाही तर ही ओळ गळणार, आणि ती गळली तर आपलं काही खरं नाही."

शोध सावळीरामपासून सुरू झाला. सावळीराम म्हणजे तीस वर्षांचा जुना शिपाई, सगळे त्याला मामा म्हणत.

"चिमाजी सर ना?" मामा म्हणाला. "होते की. लय उंच. डोक्याला तेल चोपडायचे. त्यांची सायकल मीच पुसायचो."

उज्वलाबाई हरखल्या. आस्थापना विभागात जाऊन त्यांनी १९९० पासूनची सेवापुस्तकं चाळली. चिमाजी नाही. मामाला परत विचारलं, तर तोवर चिमाजी सर परदेशी गेले होते आणि जाताना मामाला घड्याळ देऊन गेले होते. घड्याळ मात्र हरवलं होतं. निवृत्त शिक्षकांना फोन केले. एका बाईंना वाटलं, होते; एका सरांना वाटलं, नव्हते; तिसऱ्यांनी विचारलं, की कोण बोलतंय. शुक्रवार उजाडला तेव्हा चिमाजी सर होते की नव्हते, आपण स्वतः तरी इथं नक्की आहोत ना, असं उज्वलाबाईंना वाटायला लागलं होतं.

त्या दुपारी सायली परत आली. तिनं आशा सोडली नव्हती.

"निदान माझा लेख उघडून तरी बघा, मॅडम. व्याख्येत नका धरू."

"कुठून उघडू? इथं नुसता आकडा आहे."

"तोच तर पत्ता आहे. हा डीओआय. प्रत्येक लेखाचा कायमचा क्रमांक. इथं टाकला की लेख उघडतो."

गेला आठवडाभर उज्वलाबाई त्या आकड्यांना रद्दीचे नंबर समजत होत्या. त्यांनी सायलीचा लेख पाहिला, मान डोलावली, आणि मग हळूच चिमाजी सरांचा आकडा तिथं टाकला.

लेख उघडला. हरसूलच्या आठवडे बाजारात विकायला येणाऱ्या रानभाज्यांवर तो होता. उज्वलाबाईंनी पान भराभर खाली सरकवलं. त्या तक्त्यापाशी आल्या. स्थानिक नावं इंग्रजी अक्षरांत होती. शेवळ. लोत. कोळू. चाई. कुर्डू. खाली उतरत नवव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

नायठाव.

त्या खुर्चीत मागे टेकल्या.

त्या हरसूलला जायच्या तेव्हा त्यांचं नाव उज्वला नव्हतं. ती नवसा होती, सिन्नरच्या सानपांची, नवसानं झालेली म्हणून नवसा. याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायची. वेणीमाधव सरांनी तिला हरसूलच्या बाजाराचं काम दिलं होतं. जूनच्या बाजाराला ती वही घेऊन कुसाबाई नावाच्या म्हातारीपुढे बसली. नऊ वाटे होते. एकेकाचं नाव विचारत गेली, कुसाबाई गिऱ्हाईक सांभाळत सांगत गेली. सगळीच नावं नवी. नवव्या वाट्याला कुसाबाई मान न वळवता म्हणाली, "नाय ठाव." सिन्नरकडे ठाऊक नाय म्हणतात. नवसानं ते एक अखंड नाव समजून लिहून घेतलं, सरांना प्रत दिली, आणि पुढच्या महिन्यात जाऊन विचारलं, "आजी, आज नायठाव नाही आणलं?"

कुसाबाई इतकी हसली, की शेजारच्या बायका गोळा झाल्या. "अगं पोरी, तवा मलाच ठाव नव्हतं. माझ्या सुनंनं आणलं व्हतं ते."

नवसानं वहीत ते नाव खोडलं. सरांना सांगायचं होतं. पण त्याच महिन्यात लग्न ठरलं. लग्नात नवऱ्यानं, महेशरावांनी, ताटातल्या तांदळावर अंगठीनं उज्वला लिहिलं, आणि नवसा, एम.एस्सी., वही, सगळं सिन्नरला राहिलं. सरांची बदली झाली, पुढे ते वारले. आपली दोन वर्षं कुठल्या तरी माळ्यावर उंदरांनी खाल्ली, असं तिनं धरून चाललं होतं.

सरांनी ती छापली होती. स्वतःचं नाव न घालता, एकट्या तिच्या नावानं. गुणपत्रिकेवर होतं तसं भरलं होतं : सानप नवसा चिमाजी. आपल्याकडे आडनाव आधी, वडील शेवटी. परदेशातल्या छापणाऱ्यांनी शेवटचं ते आडनाव समजून वडिलांना लेखक करून टाकलं, आणि लेकीची दोन अक्षरं मागे जोडली. लेखाच्या शेवटी आभारात तिनंच कधीकाळी लिहिलेलं वाक्य तसंच होतं, वेणीमाधव सर आणि हरसूलच्या कुसाबाई यांचे आभार.

"मॅडम, काय झालं?" सायलीनं विचारलं.

"काही नाही. चिमाजी सर सापडले."

सापडले खरे, पण आता काय करायचं? गप्प राहिलं तर ओळ गळणार, आणि नवसा दुसऱ्यांदा माळ्यावर जाणार. बोललं तर आपणच लिहिलेली व्याख्या आड येत होती, कारण नवसा शिक्षक नव्हती, विद्यार्थिनी होती. शिवाय ती एकसष्ट माणसं. उज्वलाबाईंनी त्यांतले लेख एकेक उघडून पाहिले. एकोणीस जणांनी नायठावचा उल्लेख केला होता. एकानं तर हे नाव फार प्राचीन असावं असं लिहिलं होतं. जगभरचे विद्वान एका म्हातारीचं 'माहीत नाही' गंभीरपणे एकमेकांना सांगत होते. त्यांना हसूही येईना. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली, दडवून दडवता येईना असा, आनंद.

शनिवारी दीपक सरांनी विचारलं, "सापडले?"

"सापडले, सर. मीच."

सगळं सांगून त्यांनी जुनी गुणपत्रिका, विवाह नोंदणी आणि यादी पुढे ठेवली. दीपक सरांनी पहिलं पान वाचलं. लेखकाची व्याख्या बदलली होती : ज्याने किंवा जिने काम केले ती व्यक्ती, तेव्हा शिक्षक असो वा विद्यार्थी. यादीत सायलीचा लेख होता. पहिल्या ओळीत सानप नवसा चिमाजी होतं, आणि शेऱ्यात लिहिलं होतं : तक्त्यातील नववे नाव चुकीचे आहे, 'नाय ठाव' म्हणजे माहीत नाही, दुरुस्तीचे पत्र नियतकालिकाला पाठवले आहे.

"हा शेरा कशाला, मॅडम? कोणी विचारलं नव्हतं. उद्धरणं कमी झाली म्हणजे?"

"कमी नाही होणार. चांगलं म्हणायला घेतलं की वाईट, ते कोणी विचारत नाही. तुम्हीच सांगितलंत, मी लिहून घेतलंय."

दीपक सरांनी शेरा पुन्हा एकदा वाचला. मग पेन पुढे सरकवलं. "करा सही."

सावळीराममामा चहा घेऊन आला होता. "चिमाजी सरांचं कळलं का काय?"

"कळलं, मामा. इथंच होते."

"मी म्हटलं व्हतं," मामा म्हणाला. "लय उंच."

उज्वलाबाईंनी पेन उचललं आणि थांबल्या. एकाच माणसानं एका नावानं काम केलं होतं आणि दुसऱ्या नावानं ते खरं असल्याची खात्री द्यायची होती. दीपक सरांनी विचारलं, "कुठल्या नावानं करताय?"

"नाय ठाव, सर," त्या म्हणाल्या, आणि बावीस वर्षांनी प्रथमच, शाळेतल्या मुलीसारखं सावकाश, कागदावर नवसा लिहू लागल्या.