मशीन पेटीतच राहिलं ते वर्ष

वडिलांनी मशीन आणलं त्या दिवशी आईनं ते पेटीतून बाहेरसुद्धा काढू दिलं नाही.

डोशाचं, इडलीचं पीठ वाटायचं विजेवरचं मशीन होतं ते. बसवनगुडीतल्या आमच्या रस्त्यावर तेव्हा मोजक्याच घरांत आलेलं. वडील बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होते. आईचे हात सुटावेत म्हणून त्यांनी ते मोठ्या हौसेनं आणलं, ऑटोतून घरी येईपर्यंत पेटी पायांनी घट्ट धरून ठेवली. आईनं पेटीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "आत्ता नको. राहू दे तसंच." मग ती पेटी आमच्या खोलीत खाटेखाली गेली आणि तिच्यावर जुनी चादर पडली.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला अतिशय राग आला. शेजारच्या घरून मोटरीची घरघर ऐकू यायची आणि आमच्या मागच्या पडवीत मात्र तोच जुना रगडा. जमिनीत अर्धा पुरलेला, मधोमध खड्डा असलेला काळा दगड, आणि त्या खड्ड्यात उभा फिरणारा दुसरा दगड. त्या वरच्या दगडाला आमच्या घरात सगळे कानडीतल्यासारखं गुंडूच म्हणत. उजव्या हातानं गुंडू फिरवायचा, डाव्या हातानं कडेला आलेलं पीठ परत आत ढकलायचं. आईचे दोन्ही हात असे चालायचे की बघत राहावं. मध्येच ती आम्हाला हाका मारायची, भाजीवाल्याशी कुंपणावरून बोलायची, पण हात थांबत नसत.

त्या घरात आम्ही दोन कुटुंबं एकत्र राहत होतो. आम्ही, आणि माझे थोरले काका. काकूला आई अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणायची. अक्काला एकच मुलगी होती, माझ्याहून थोडी मोठी. मी तिला ताई म्हणत असे. आम्ही एकाच पांघरुणात झोपायचो, एकाच रिक्षातून शाळेत जायचो. मशीन यायच्या काही महिने आधी ताईला ताप आला, तो डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत ती गेली.

काका काही दिवसांनी ऑफिसला जायला लागले. अक्का मात्र खोलीतून बाहेर येईना. रडतही नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ताट नेलं तर दोन घास खायची, नेलं नाही तर मागायची नाही. बायका भेटायला यायच्या, तिच्या उशाशी बसून स्वतःच रडून जायच्या. काका संध्याकाळी येऊन दाराशी खुर्ची टाकून बसायचे.

एका दुपारी आई अक्काच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "अक्का, माझा हात भरून येतोय हो. गुंडू फिरवते मी, तुम्ही नुसतं पीठ ढकलायला बसता का?"

अक्का उठली नाही. आई परत येऊन एकटीच वाटत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. असं बरेच दिवस चाललं. आणि मग एकदा मी शाळेतून आले तर अक्का पडवीत रगड्याशी बसलेली. केस विस्कटलेले, नजर कुठेतरी माडाच्या बुंध्याकडे. आई दोन्ही हातांनी गुंडू फिरवत होती आणि अक्काची बोटं पीठ आत ढकलत होती.

मी दप्तर टाकून म्हटलं, "आई, तू तर एकटीच वाटायचीस ना?"

"आता नाही होत माझ्याच्यानं," आई मान वर न करता म्हणाली. "जा, तांब्याभर पाणी आण."

मला ते खरंच वाटलं. आईला काहीतरी झालंय या भीतीनं मी त्या रात्री तिच्या दंडाला तेल चोळलं. तिनंही मुकाट्यानं चोळून घेतलं.

त्यानंतर आमच्या घरी रोज काही ना काही वाटायचं असे. डोसे नसले तर आंबोळी, नाहीतर खोबऱ्याची चटणी, हुळीचा, म्हणजे सांबारासारख्या आमटीचा, मसाला. गरज असो नसो, दुपार झाली की आई डाळ-तांदूळ उपसून रगड्याशी बसायची आणि अक्काला हाक मारायची. माझा धाकटा भाऊ डोशांना इतका कंटाळला की ताट बघून रडायचा. त्यातच वडिलांनी मशीन आणलं.

ते पेटीत पडून आहे याचा वडिलांनाही राग आला होता. एकदा मी स्वयंपाकघरात अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसले होते, तेव्हा ते आईला म्हणाले, "वापरायचं नव्हतं तर आधी सांगायचंस. एवढ्या लांबून आणलं."

आईनं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मशीन लावलं, तर त्या बाहेर कशाला येतील?"

वडिलांनी माझ्यासमोरच्या परातीतल्या दोन शेंगा उचलल्या, सोलल्या आणि ते बाहेर गेले. मशीनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

अक्काचा पहिला शब्द रगड्याशीच आला. उडीद घट्ट झाला होता. ती म्हणाली, "स्वल्प पाणी." आईनं पाणी घातलं, जणू रोजच बोलणं चालू होतं.

आणखी महिन्याभरानं एक दिवस अक्काचं लक्ष नव्हतं. गुंडू फिरून आला तरी तिनं हात काढला नाही आणि तिची बोटं दगडांमध्ये सापडली. आई ओरडली. अक्का आपल्या बोटांकडे बघत राहिली आणि मग एकदम मोठ्यानं रडायला लागली. ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आई तिचा हात पदरात धरून "चुकलं माझं, अक्का, चुकलं" म्हणत होती. अक्का मान हलवत होती. "बोटाचं नाही गं. बोटाचं नाही." ते पीठ टाकून द्यावं लागलं. त्या दिवशी घरात सगळ्यांनी दहीभात खाल्ला.

पट्टी सुटल्यावर अक्का पुन्हा रगड्याशी बसली आणि आता ती ताईविषयी बोलू लागली. ती लहानपणी कशी उशिरा चालायला लागली, वाटलेलं पीठ बोटानं चाटायची, मग पोट दुखायचं. आई ऐकायची, मध्येच "हो ना" म्हणायची. मीही जवळ बसून ऐकायची. त्याआधी माझ्यासमोर ताईचं नाव कुणी काढत नसे, आणि मलाही कुणाला विचारता येत नव्हतं.

युगादीचा पाडवा जवळ आला तेव्हा अक्का एक दिवस सहज म्हणाली, "ते मशीन गंजून जाईल. काढ बाहेर."

आई गोंधळली. "कुठलं मशीन?"

"तुझ्या खाटेखालचं. केव्हाची बघतेय मी." तिनं आईचा हात ओढून तळवा उलटा केला. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते. "हे बघ काय करून घेतलंस. सरी, ठीक आहे, आता पुरे."

दोघींनी मिळून पेटी ओढली. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ते चालू करून दोघी मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसायच्या.

पुढे काका गेले, मग वडील. घर विकलं, तिथे आता फ्लॅट आहेत. रगडा आमच्या कुणाच्याच घरात मावण्यासारखा नव्हता. जवळच्या एका देवळाच्या स्वयंपाकघरानं तो हातगाडीवरून नेला. आईला जाऊन काही वर्षं झाली. अक्का माझ्याकडे जे. पी. नगरला असते. तिला आता कमी ऐकू येतं, पण बुद्धी शाबूत आहे. पीठ आम्ही दुकानातून तयार आणतो आणि ती तक्रार करत नाही.

मागच्या महिन्यात बाल्कनीत बसलो असताना मी तिला मोठ्यानं विचारलं, "अक्का, आई एकटीनं वाटू शकते हे तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "त्याआधी बारा वर्षं बघत नव्हते का मी तिला?"

"मग बसलीस का?"

तिनं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"रोज येऊन दाराशी उभी राहायची गं ती," अक्का म्हणाली. "मी वळूनही बघत नव्हते, तरी यायची. किती दिवस तिला एकटीला परत पाठवणार?"