बिमारी नाई म्हटलं, तं दोष माह्यावर आला

तळेगावच्या स्टँडवर येष्टी सुरू झाली तरी सासूबाई खिडकीशी उभ्याच होत्या, माह्या गौरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणे, "बरी करून आणजो वं पोरीले." तुमी गावचे सारे होते तिथं, आठवत असन. गौरी चार वर्षांची, बोले नाई, कोणाकडं पाहे नाई, वावरात नेली तं टोपल्यातले वांगे एका रांगेत मांडत बसे, कोणी एक हलवलं का जमिनीवर डोकं आपटे. पण तवा तिले बिमारी हाय म्हणून सारे संभाळून घेत. ते दिवस मले आता बरे वाटते, पहा.

नागपुरात गौरीच्या बापाले भाजीमंडीत काम भेटलं, आमी एक खोली केली. डॉक्टरनं ऑटिझम म्हटलं, मेंदूचा विकार हाय म्हणे, याले गोळी नाई. मी सातवी शिकलेली, मले गोळी नाई एवढंच समजलं. मंग एका संस्थेतली मॅडम भेटली. ती म्हणे, "ताई, आजार म्हणू नका. ती आजारी नाही, वेगळी आहे." मी तिथंच रडली, माह्या पोरीबद्दल कोणी असं बोललंच नव्हतं. धावत एसटीडीवर गेली, दम लागला होता, सासूबाईले सांगतलं का गौरीले बिमारी नाईच, ती वेगळी हाय, इकडं स्पेशल म्हणते. मागून दीर हासला, "स्पेशल तं चहा असते, वहिनी." सासूबाई मंग म्हणे, "बिमारी नाई ना? पक्कं?" मी म्हटलं, पक्कं.

तवा नणंदेचं हिंगणघाटच्या एका दुकानदाराघरी जमून राह्यलं होतं, मले मालूम होतं, पण डोकं चाललं नाई. पाहुण्यायनं इचारलं, घरात एक पोट्टी तशी हाय म्हणते, खानदानात काई बिमारी तं नाई? सासूबाईनं माहेच शब्द त्यायच्या म्होरं ठेवले. बिमारी नाई, अन वरून आपलं जोडलं, मायनं लाडानं बिघडवली. सोयरीक पक्की झाली. हे नणंदेनंच फोनवर रडत सांगतलं, "वहिनी, तू आता काई बोलू नको वं." काय बोलू? बिमारी म्हणू तं तिचं लग्न मोडते, नाई म्हणू तं मी वाईट माय. लग्नाले बोलावलं आमाले, गौरीले सोडून.

मॅडमले सांगतलं तं ती म्हणे, लोकांना समजायला वेळ लागतो. तिच्यापाशी असन वेळ. अन त्याच मॅडमनं शाळेचा अर्ज समोर ठेवला, त्यात रकाना, आजाराचे नाव. म्हटलं, मॅडम, आजार नाई ना? ती जराशी वरमली, म्हणे इथं डॉक्टरांचंच लिहावं लागतं, नाहीतर प्रवेश नाही. म्हणजे चांगला शब्द नुसता ऐकाच्या कामाचा. मी डॉक्टरच्या कागदावरून एक एक अक्षर उतरवलं, गौरी बाजूले पेनाचं टोपण फिरवून राह्यली होती, खुशीत.

त्याच्याखाली कायमचा पत्ता. आतापर्यंत हरेक कागदावर मी तळेगावच लिवत आली. त्या दिवशी खोलीचा लिवला. मॅडम म्हणे, ही तर भाड्याची, कायमचा म्हणजे गावाचा लिहा.

मी म्हटलं, "गावचा पत्ता माहा हाय, मॅडम. गौरीचा नाई."