डोमाजी आणि दहा पावलं

डोमाजी आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी माझ्या नवऱ्याचा वास घेतला. फाटकातच उभं राहून, मान पुढे काढून, चांगला दोनदा. मग म्हणाले, "सायेब, हे डोक्याचं तेल नाही चालन जी. माशीले आवडत नाही." आमच्या ह्यांना आपल्या चमेलीच्या तेलाचा भारी अभिमान. ते घुश्श्यातच आत निघून गेले. मी मात्र तिथल्या तिथं ठरवून टाकलं, ह्या माणसाच्या मधमाश्यांना परसात जागा द्यायची.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट असेल. आम्ही तेव्हा नागपुरात हनुमाननगरला राहत होतो आणि मी शाळेत भूगोल शिकवत होते. डोमाजी मूळचे कळमेश्वरकडचे शेतकरी. वाटण्या होऊन हाती आलेल्या जमिनीत भागेना, तेव्हा ते मधमाश्या पाळायला शिकले आणि सक्करदऱ्याला घर करून राहिले. संत्र्याचा बहार असेपर्यंत त्यांच्या पंधरा-वीस पेट्या कळमेश्वरच्या बागांमध्ये असत. बहार संपला, बागवाल्यांची औषधं मारायची वेळ आली, की ते पेट्या शहरात आणून ज्याच्या परसात चार झाडं असतील त्याच्याकडे ठेवत. आमच्याकडे लिंबू, शेवगा, कडुनिंब आणि शेजाऱ्यांचा करंज होता. पेटी त्यांची, देखभाल त्यांची, जागा आपली. दर आठवड्याला येऊन तपासणार, मध निघाला की बाटलीभर आपल्याला देणार.

पेटी आली ती सायकलच्या कॅरियरला बांधून, दिवेलागणीला, दाराशी ओलं फडकं कोंबून. शेवग्याजवळ एक तिवई ठेवली, मुंग्या चढू नयेत म्हणून तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या दिल्या. पेटी ठेवून झाल्यावर त्यांनी मला समोर उभं केलं आणि बजावलं, "बाई, एकच सांगून ठेवतो. इथं ठेवली म्हणजे इथंच. हलवाची असन तं तीन फूट, नाही तं तीन मैल. दोहीच्या मधात कुठी नाही."

आता हे ऐकून कुठली भूगोलाची बाई गप्प बसेल? मी विचारलं, "काहून जी?" ते खुलले. म्हणाले, "माशीले घर नाही मालूम, जागा मालूम. तीन फुटाच्या आत ठेवलं तं शोधून काढते. तीन मैलाच्या पल्याड नेलं तं नवा मुलूख पाह्यते, नव्यानं ध्यानात ठेवते. पण दहा पावलावर नेलं, तं बाहेरचं सारं ओळखीचंच दिसते ना तिले. मंग ती येते जुन्याच जागी. घर तिथं नसते. फिरून फिरून मरते बिचारी."

माझा विश्वास बसेना. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासमोर पेटी फूटभर सरकवून दाखवली. परतणाऱ्या माश्या बरोबर जुन्या दाराच्या जागी येऊन हवेत थबकल्या. डोलल्या, जरा घोटाळल्या आणि मग शेजारच्या दारातून आत शिरल्या. मी चूल विसरून तासभर बघत बसले. भाजी करपली. घरात त्यावर जे काही बोलणं झालं ते जाऊ द्या.

त्यानंतर मला नादच लागला. डोमाजी आले की मी प्रश्नांची यादी घेऊन तयार. पायाला पिवळं काय लागलंय? पराग, पोरांसाठी. दारात उभं राहून पंख काय मारतात? घर थंड करून राहिल्या. आमच्या कूलरच्या ओल्या वाळ्यावर एवढ्या का बसतात? "तुमीच बसता ना कूलरसमोर? त्यायले काय मे महिना नाही लागत?" पेटी उघडण्याआधी ते तिला कान लावायचे. "ऐका आधी, उघडा मंग," हा त्यांचा ठेका. मलाही कान लावायला लावायचे. राणी असली की एकसारखी गुणगुण येई. एकदा मात्र आतून नुसता भेसूर आवाज येत होता. डोमाजींचा चेहराच उतरला. "राणी नाही बाई. रडून राहिल्या." त्यांना नवी राणी घडवता यावी म्हणून दुसऱ्या पेटीतली अंडी असलेली चौकट आणून आत ठेवली, तेव्हा कुठं आमच्या दोघांच्या जिवात जीव आला.

माझ्या ह्या कौतुकाचा उपयोग मात्र ऐन वेळी काही झाला नाही. माझी नणंद कुसुम, तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याकडे ठरलं. आधी दोन ठिकाणी बोलणी फिसकटली होती, त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. पाहुणे कन्हानचे, संत्र्याच्या बागा असलेले. मांडव परसातच घालावा लागणार आणि मांडववाल्याला नेमका शेवग्याचा कोपरा हवा. आदल्या दिवशी संध्याकाळी हे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "पेटी न्हाणीमागं ठेवू का? दहा पावलं तर आहेत. माश्यांच्या डोळ्यांसमोरच राहील." मला नियम तोंडपाठ होता. वर्गात पोरींना सांगितला होता मी! पण समोर पुरण शिजत होतं, आणि मी म्हणाले, "ठेवा." ह्यांनी सगळं अगदी डोमाजींसारखं केलं. तेल लावलं नाही, अंधार पडू दिला, दाराशी ओलं फडकं लावलं, सकाळी काढलं.

दहाच्या सुमारास पाहुणे येऊन गादीवर बसले. तोवर सकाळी बाहेर गेलेल्या माश्या परतू लागल्या होत्या. दहा, पन्नास, मग शेकड्यांनी त्या मांडवाच्या खांबाभोवती फिरू लागल्या, खांबाला लोंबू लागल्या. आणि खांबाखालीच नवरदेव! त्याच्या मामांच्या कानाला एक चावली. बायका पदर घेऊन पळाल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "काय बाप्पा, मुलगी दाखवून राहिले का मोहोळ?" कुसुम आतल्या खोलीत ढसाढसा रडत होती. आमच्या ह्यांनी स्कूटर काढली आणि डोमाजींना घेऊन आले. मांडववाल्याचा पोऱ्या तोवर पलिता पेटवायला निघाला होता. त्याला मी हाताला धरून थांबवलं.

डोमाजी मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खांबाकडे पाहिलं, न्हाणीमागे पाहिलं आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. मग सरळ नवरदेवाच्या वडिलांसमोर जाऊन हात जोडले. "पाव्हणे, तुमी दहा पावलं सरकता का जी? त्यायले नाही समजत, तुमाले समजते."

मला वाटलं, गेलं हेही स्थळ. पण तो कन्हानचा बागवाला पोट धरून हसला. "अरे, ह्यायच्या भरवशावर तं माह्या बागेले फळ धरते!" असं म्हणून त्यानं गादीचं एक टोक स्वतः उचललं. अख्खं साक्षगंध उठून समोरच्या कडुनिंबाखाली रस्त्यावर आलं. डोमाजींनी पेटी पुन्हा शेवग्याजवळ ठेवली. संध्याकाळपर्यंत खांब मोकळा झाला. बऱ्याच माश्या मात्र खाली मरून पडल्या होत्या. त्या मी झाडून काढल्या, तेव्हा मला रडू आवरेना. डोमाजी एवढंच म्हणाले, "आता नाही विसरान तुमी."

पुढे आम्ही मनीषनगरला घर बांधलं. जुनं घर सोडताना मी फार उदास होते. डोमाजींनी विचारलं, "किती लांब हाय?" म्हटलं, असेल पाच-सहा किलोमीटर. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि समाधानानं मान हलवली. "तीन मैलाच्या वर होते. मंग तुमी रमान तिथी." आणि खरंच रमले.

त्यांचीच भेट मग कमी होत गेली. वय झालं, पेट्या दुसऱ्याला दिल्या. एका दुपारी कळलं, डोमाजी आता कोणाला ओळखत नाहीत. मी भेटायला गेले. त्यांच्या मुलाचं, सुरेशचं, घराच्या पुढच्या भागात सायकल दुरुस्तीचं दुकान झालं होतं. मागे नवी खोली आणि तिला बाहेरून कडी.

मला पाहून सुरेश ओशाळला. "काय करू बाई? स्लॅबची खोली बांधून देली, पंखा लावला. पण संध्याकाळ झाली का इथंच येतेत आन् गिऱ्हाइकायच्या पायात झोपतेत. परवा लोखंडी पान्यावर पडले, डोक्शाले खोक पडली. म्हणून कडी लावून राहिलो." आतून दारावर हात घासल्याचा आवाज येत होता. ठोठावत नव्हते, नुसते चाचपडत होते.

मी विचारलं, "आधी त्यांची खाट कुठं होती?"

"इथीच. पंप ठेवला ना, तिथं."

मी पंपापासून त्या दारापर्यंत चालत गेले. अकरा पावलं भरली. सुरेशच्या स्टुलावर बसून मी त्याला साक्षगंधाची गोष्ट सांगितली, पलित्यासकट, माझ्या 'ठेवा'सकट. तुझ्या वडिलांनी पाहुण्यांना काय म्हटलं, तेही सांगितलं. त्यानं हातातली चेन पुसून खाली ठेवली. मग उठला आणि पंप उचलला.

संध्याकाळपर्यंत दुकान मागच्या खोलीत गेलं आणि खाट पुढे आली. डोमाजी तिच्यावर बसले, शेजारची भिंत हातानं चाचपली आणि आडवे झाले. मी पांघरूण घालायला वाकले, तर मान पुढे काढून त्यांनी चांगला दोनदा वास घेतला. "बाई," डोळे मिटूनच म्हणाले, "कांदा फोडून आल्या तुमी."

त्यानंतर एक उन्हाळा काढून ते गेले, त्याच जागी. सुरेशचं दुकान अजून मागेच आहे. गिऱ्हाइकं पहिले दोन दिवस चुकली, एवढंच.