नंदाताईचा दर

नंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या सदर बाजारात सोनाराच्या दुकानात उभी होते. पलीकडून भाचीचा आवाज, "मौसी... मम्मी नहीं रही." सोनार काहीतरी विचारत होता, मला काही ऐकूच येईना. त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालं आहे, आता मला तिच्याबद्दल जरा तोऱ्यात लिहायचं आहे.

नंदाताई माझी थोरली बहीण. इमारतीला किती खांब, किती सळ्या हे ठरवून नकाशे काढणारी इंजिनिअर. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, जो तो बांधायला निघाला, तेव्हा तिने बिल्डरकडची नोकरी सोडली आणि जेवणाच्या टेबलावर स्वतःचं काम मांडलं. काम उदंड आलं, पैसा मात्र येईना. आपल्या लोकांची रीतच ती... घरचं माणूस म्हणून नकाशा करून घ्यायचा आणि वास्तुशांतीला साडी-नारळ देऊन ओटी भरायची. ताईचं कपाट साड्यांनी भरलं, बँकेचं खातं रिकामं. भाऊजी एवढंच म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू. नाही जमलं तं नोकरी पकड." बिल्डरने तिची जागा राखून ठेवली होती. ती हात हलवत परत येणार, याची त्याला खात्री होती.

ताईने काय करावं? पहिलं बिल दिलं ते आमच्या सख्ख्या मामाला. मामा भडकला, "घरी बसूनच तं करतं! मले काहून बिल देऊन राहिली?"

"मामा, घरी बसून केला म्हून तुमचा स्लॅब कमी वजन झेलन का?"

मामाने तोंड फुगवून पैसे दिले. वास्तुशांतीला मात्र ताई स्वतःच्या पैशाने भारी आहेर घेऊन गेली. मामाला भाची म्हणून दिलेला आहेर वेगळा आणि इंजिनिअरचं बिल वेगळं, हे त्या दिवशी साऱ्या नातेवाइकांना कळलं.

मग पंडरीच्या कापडबाजारातले एक शेटजी आले. दुकानावर मजले चढवायचे होते. फी ऐकून म्हणाले, "दीदी, कुछ तो कम करो."

"कर देती हूँ भैया. साइट पे नहीं आऊँगी, सरिया आप ही देख लेना."

सळ्या बरोबर पडल्या की नाही ते तुमचं तुम्हीच बघा, एवढं बोलून ती पेन्सिलीला टोक काढत बसली. दिवाळी तोंडावर आलेली आणि ही बाई दारचं गिऱ्हाईक घालवतेय! मी तिच्या जागी असते तर केव्हाच 'तुम्ही म्हणाल ते द्या' म्हणून मोकळी झाले असते. शेटजी चहा पिऊन निघून गेले. आणि ऐन धनत्रयोदशीला तेच आगाऊ रक्कम घेऊन हजर. "दीदी, साइट पे तो आना पड़ेगा." ताईने बिल्डरकडे मिठाईचा डबा धाडला आणि निरोप दिला, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या.

परवा तेच शेटजी ताईच्या घरी भेटायला आले, मी तिथेच होते. केस पांढरे झालेत. बराच वेळ ताईच्या आठवणी काढल्या, मग उरला औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या नव्या गोदामाचा विषय काढला. ताईच्या टेबलाशी आता भाची बसते. तीही इंजिनिअरच. तिने आकडा सांगितला.

"बेटी, इतना तो दीदी भी नहीं लेती थी."

"हव अंकल. वो मम्मी का रेट था. ये मेरा है."

शेटजींनी गोदामाच्या जागेचे कागद काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "कल से शुरू कर दो."

मी आत जाऊन सवयीने फोन हातात घेतला, ताईला सांगायला... ताई, पोट्टीनं तुह्यापेक्षा जास्त मागितले, अन् मिळाले बी.