देवरे सरांचे शुक्रवार

नोकरीच्या पहिल्याच शुक्रवारी देवरे सरांनी मला शेंगा फोडायचं यंत्र घेऊन पळायला लावलं. यंत्र लोखंडी गाड्यावर बसवलेलं, गाड्याला चार चाकं, त्यातलं एक जन्मापासून रुसलेलं. मी ते ढकलत कारखान्याच्या आवारात गोल गोल धावत होतो आणि सर सावलीत उभे राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. सगळी पाळी चहाचे ग्लास घेऊन बाहेर आली होती.

"थांबायचं नाय," सर म्हणाले. "दहा मिनिटं लिहिलंय तुम्ही."

लिहिलं होतं खरंच. इंग्रजी पुस्तिकेत वाक्य होतं की माल टाकण्याआधी यंत्र दहा मिनिटं 'रन' करा. मी फ्रेंच करताना शब्दकोशातलं पहिलं क्रियापद उचललं, 'कुरीर'. ते पायांनी धावणाऱ्यांसाठी असतं. फिरणाऱ्या यंत्राला 'तूर्ने' लागतं. म्हणजे आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं होतं की बाबा रे, शेंगा टाकण्याआधी यंत्रासोबत दहा मिनिटं पळून घे. सातव्या मिनिटाला मी बसलो. सर जवळ आले, वाकले आणि प्रेमाने विचारलं, "आता आयुष्यात कधी चुकणार का?" मी मान हलवली. गेल्या तीस वर्षांत ते क्रियापद माझं चुकलेलं नाही. फक्त अजूनही ते दिसलं की धाप लागते.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं करायचा. नव्वदच्या दशकात ती जहाजाने पश्चिम आफ्रिकेत जाऊ लागली. तिकडचं गिऱ्हाईक फ्रेंच वाचणारं. म्हणून आमच्या शेठने पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात भाषांतर विभाग थाटला: तीन टेबलं, एक पंखा आणि पंख्याखाली देवरे सर.

सर मूळचे कळवणकडचे. बुटके, काळेसावळे, बारमाही करड्या सफारीत. पुण्याला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात डास फार आणि संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गात पंखा, एवढ्या कारणासाठी ते फ्रेंच शिकले असं ते स्वतःच सांगायचे. "हवा खायला गेलो आणि जिभेला रोग लागला." एरवी बोलणं साधं गावाकडचं. फार चिडले किंवा फार खूश झाले की अहिराणीवर यायचे. कागद नाकापुढे धरून "हाई काय शे?" असं त्यांनी हळू आवाजात विचारलं की समजायचं, आज कोणाचा तरी बळी आहे.

त्यांचं सगळं वैर इंग्रजीतल्या पाच-सहा बारक्या क्रियापदांशी होतं. गेट, टेक, पुट, सेट, रन, ड्रॉप. "इंग्रज लय कंजूष," ते म्हणायचे. "एकच गडी ठेवलाय. तोच गोठा झाडतो, तोच पाणी भरतो, लग्नात वाढायलाही तोच. फ्रेंचांकडं प्रत्येक कामाला वेगळा गडी हाय. तुमचं काम एवढंच, गोठ्यातला गडी पंगतीत येऊ द्यायचा नाय." उदाहरणाला ते 'टेक' घ्यायचे. गोळी घेतली तर 'प्रांद्र'. परीक्षा दिली तर 'पासे'. माणसाला सोबत नेलं तर 'आंमने' आणि वस्तू उचलून नेली तर 'आंपोर्ते'. इंग्रजीत सगळीकडे एकच टेक, बिनबोभाट.

दुसरा त्यांचा कायदा होता, एक क्रियापद, एक पायरी. पुस्तिकेत प्रत्येक क्रियापदाला स्वतंत्र क्रमांक. दोन क्रिया एका वाक्यात कोंबल्या की ते लाल रेघ मारून मधोमध कापायचे. "कामगाराच्या दोन्ही हातांना एकदम हुकूम देऊ नका. इंग्रजी वाचत जा, क्रियापद दिसलं की क्रमांक टाका, पुढं चला."

या सगळ्याची परीक्षा म्हणजे शुक्रवार. शनिवारी कारखान्याला सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी दुपारी काम ढिलं पडे. त्या वेळी ज्याने पान लिहिलं त्याला यंत्रापुढे उभं करायचं. सर त्याचं फ्रेंच पान हातात घेऊन एकेका पायरीचं मराठी वाचणार आणि त्याने शब्दशः तेवढंच करायचं. "अक्कल गेटवर ठेवून या," ही नांदी. चूक दिसतेय म्हणून थांबायचं नाही, सुधारायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. फिटर मंडळी रांगेत उभी राहायची आणि आज कोण कुठे आपटणार यावर समोशांच्या पैजा लागायच्या. मी हौशी नाटकांतून कामं करणारा माणूस. इतका हमखास प्रेक्षक मला रंगमंचावर कधी लाभला नाही. सर मला नाटक्याच म्हणायचे.

मग तिसऱ्या टेबलावर वैशाली आली. नाशिक रोडची मुलगी, फ्रेंचमध्ये एम.ए., आवाज शांत, अक्षर मोत्यासारखं. सहा महिने उमेदवारी आणि मग सरांनी हो म्हटलं तर कायम. तिच्या घरी करार झाला होता: दिवाळीपर्यंत नोकरी कायम झाली तर तिने नोकरी करावी, नाही तर मालेगावच्या एका हार्डवेअरवाल्याशी लग्न. मुलगा तिला एकदाच दाखवला होता आणि त्याने सगळा वेळ तिच्याकडे न बघता तिच्या घराच्या बिजागऱ्या बघितल्या होत्या. हे तिने मला डबा खाताना सांगितलं. मी सरांना सांगितलं, वाटलं मन द्रवेल. मला सरांच्या मनाची रचना अजून कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी खुर्ची वळवली. "मॅडम, तुम्हाला मालेगावला नेतील, त्या 'टेक'चं फ्रेंच काय करणार?"

"आंमने," वैशाली म्हणाली. "माणसाला नेतात ना, सर."

"बघा, विचार करा. मला तर 'आंपोर्ते' वाटतंय."

ती खाली मान घालून लिहीत राहिली. कागदावर पेनाचं टोक जरा जोरात उमटलं, एवढंच.

तिच्या पहिल्या शुक्रवारी झाकणाची पायरी आली. इंग्रजीत 'ड्रॉप' होतं, म्हणजे झाकण अलगद खाचेत बसवा. तिने जे फ्रेंच लिहिलं त्याचा अर्थ होता पडू द्या. सरांनी वाचलं, "झाकण पडू द्या." बिडाचं झाकण, दोन माणसांचं, तिने एकटीने कडेवर तोललेलं. ती सरांकडे बघत राहिली. सरांनी पुन्हा वाचलं, त्याच आवाजात. तिने सोडलं. झाकण तिच्या चपलेच्या टोकावर पडलं. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून पुढे गळून गेलं. त्या दिवशी फिटरांपैकी कोणी हसलं नाही. पगार मिस्त्री, आमचे सगळ्यात जुने फिटर, पुढे व्हायला लागले तर सर म्हणाले, "मिस्त्री, पान अजून संपलेलं नाय. पुढची पायरी." आणि ती लंगडत पुढची पायरी करायला गेली.

मी तेव्हा ठरवलं की हा माणूस राक्षस आहे. पण राक्षस दुपारी पोटमाळ्यावर जाऊन तिची सगळी पानं दोनदा वाचायचा, हेही मी पाहिलं होतं. माझी तो एकदाच वाचायचा.

त्यानंतर वैशालीची चूक सापडेना. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला, ती यंत्रापुढे उभी राहायची, सर वाचायचे, यंत्र शहाण्या बैलासारखं वागायचं. समोशांची पैज बंद पडली. दिवाळी आठवड्यावर आली. शेवटच्या शुक्रवारीही तिची अख्खी पुस्तिका पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत ठणठणीत निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी पान दुमडलं आणि म्हणाले, "ठीक हाय. अजून तीन महिने बघू."

टाळ्या थांबल्या. तीन महिने म्हणजे मालेगाव, हे सगळ्या शेडला माहीत होतं. सरांनाही.

वैशालीने ओढणीला हात पुसले. "सर," ती म्हणाली, "तुमचं पान कधी झालं नाही."

कोणीतरी खोकलं. सरांचा चेहरा मात्र उजळला. इतका खूश मी त्यांना कधी पाहिला नव्हता. "आण," ते म्हणाले. "आते आण." आत्ताच आण, अहिराणीत.

तिने कपाटातून छापील पुस्तिका काढली. सरांची स्वतःची, विभागातली पहिली. अनेक वर्षं प्रत्येक यंत्रासोबत ती बोटीने गेली होती. सरांनी सफारीच्या बाह्या दुमडल्या, यंत्र सुरू करायला लावलं, वरून पोतंभर शेंगा ओतायला लावल्या. "खरं यंत्र, खऱ्या शेंगा. वाचा."

ती वाचू लागली. सर करू लागले. पट्टा, चाळणी, पंखा. प्रत्येक क्रियापद नेमकं, घासून पुसून ठेवलेलं. बघायला मजा येत होती. ओल्या शेंगांनी यंत्राचं तोंड तुंबलं, तेव्हा अकरावी पायरी आली.

"अडकलेल्या शेंगा हाताने बाहेर काढा," वैशालीने वाचलं.

सरांचा हात पुढे आला आणि हवेत थांबला. आत शेंगा फोडणारा ढोल फिरत होता. मी वैशालीच्या खांद्यावरून पान पाहिलं. बारावी पायरी होती, 'मोटर बंद करा.' मूळ इंग्रजी वाक्य असं होतं की मोटर बंद केल्यावर अडथळा दूर करा, पण इंग्रजीत 'दूर करा' आधी येतं आणि 'बंद केल्यावर' नंतर. सरांनी त्यांच्या कायद्याप्रमाणे क्रियापद दिसेल तसा क्रमांक टाकला होता. आणि इंग्रजी बिचारं नुसतंच 'क्लिअर करा' म्हणत होतं, काठीने करा नाही तर कशानेही. सरांना असलं मोघम चालत नसे. त्यांनी नेमकं क्रियापद शोधलं होतं, हाताने बाहेर काढणे.

पगार मिस्त्रींना न वाचताच कळलं. ते मोटरच्या खटक्याकडे सरकले.

"मिस्त्री, हात खाली," सर म्हणाले. "बारावी अजून आलेली नाय."

मग त्यांनी वैशालीकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर खेळ तिथेच संपला असता. सर जिंकले असते, आम्ही सगळे घरी गेलो असतो. तिच्या ओठांवरचा रंग गेला होता. तिने पान थोडं वर धरलं आणि पुन्हा वाचलं, त्याच आवाजात.

"अडकलेल्या शेंगा हाताने बाहेर काढा."

सर हसले आणि हात आत घातला.

आवाज शेंग फुटल्यासारखाच झाला. म्हणून पहिल्या क्षणी कोणाला काही कळलंच नाही. सर ओरडले नाहीत. ते वैशालीकडे बघत उभे राहिले, पुढच्या पायरीसाठी. आणि तिने वाचली. "मोटर बंद करा." मग मिस्त्रींनी खटका खाली ओढला.

डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. संध्याकाळी आम्ही दवाखान्यात जमलो, शेठ तावातावाने येरझाऱ्या घालत होते. "त्या मुलीला आता गेटच्या आत पाऊल टाकू देणार नाही. तिला दिसत होतं, देवरे. दिसत असून वाचलं तिनं."

"म्हणूनच कायम करा तिला," सर म्हणाले. औषधाने जीभ जड झाली होती. "हा नाटक्या असता तर थांबला असता, रडला असता. पान तसंच राहिलं असतं."

"आणि तुमचा हात?"

"माझा हात मी लिहिला होता, शेठ. तिनं फक्त वाचला."

वैशाली दारात उभी होती. ती रडली नव्हती. आत येऊन तिने विचारलं, "सर, जी पुस्तिका इतकी वर्षं तिकडे गेलीय, तिचं काय? तिकडून कधी तक्रार आली नाही?"

सरांनी बँडेजकडे पाहिलं. "नाय आली," ते म्हणाले. "तक्रार लिहायलाही हात लागतो, मॅडम."

शेठ खुर्चीवर बसले.

दिवाळीआधी वैशाली कायम झाली. हार्डवेअरवाल्याने दुसऱ्या बिजागऱ्या शोधल्या. सरांनी शेठच्या मागे लागून प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला दुरुस्त पान पाठवायला लावलं. शेठ कुरकुरले तेव्हा त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला आणि तो तिथेच ठेवून बसून राहिले. कोणाकडून उत्तर आलं की नाही, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

शेठने शुक्रवारवर बंदी घातली. सरांनी ती ऐकली नाही. फक्त आता यंत्रापुढे ते स्वतः उभे राहायचे आणि वैशाली वाचायची, त्यांची जुनी पानं, एकेक करून, पहिल्यापासून. त्यांनी अक्कल अजूनही गेटवरच ठेवली होती. मिस्त्री खटक्यावर हात ठेवून असायचे आणि सर त्यांना शिव्या द्यायचे. बघायला मात्र कोणी थांबत नसे. चहा आत, शेडमध्येच पिऊन लोक घरी जायचे. मीही एकदोनदा थांबलो आणि मग थांबेनासा झालो. तिथे हसण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

सर निवृत्त होईपर्यंत ती दोघं समोरासमोरच्या टेबलांवर बसली. सरांनी तिला कधी शाबासकी दिली नाही, तिने त्यांची कधी माफी मागितली नाही. ते गेले तेव्हा अमरधाम स्मशानात मी तिच्या शेजारी उभा होतो. न राहवून विचारलं, "त्या दिवशी थांबवावंसं वाटलं नव्हतं तुला?"

"वाटलं होतं," ती म्हणाली. "ते माझ्याकडे बघत होते, मी थांबते का ते बघायला. मी थांबले असते तर त्यांनी मला तिथेच नापास केलं असतं."

मग ती म्हणाली, "आणि खरं सांगू का, मला पास व्हायचं होतं."