तांबड्याची शेवटची कांडी

मनोहरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. नमुना तसाच टाकून त्यांच्या गावी जायला बसस्टँड गाठलं. दादा असते तर आधी त्यावरूनच ‘बावळट’ म्हणाले असते. याहून मोठी शिवी त्यांना येतच नव्हती. सहा आठवडे झाले... अजूनही हातून काही चुकलं की मी त्या शब्दाची वाट पाहते.

ते पशुवैद्यक, मी त्यांची मदतनीस. बोंडअळीनं कपाशी फस्त केलेली ती वर्षं. कर्जापायी जनावरं विकून गावोगाव गोठे रिकामे होत होते आणि दादांना घोर लागला होता बोरी अरबच्या पार्वताकाकूंच्या तांबड्याचा. उमरडा जातीचा असा वळू त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. पण तो म्हातारा झालेला. वीर्य गोठवून ठेवलं तरच वंश राहणार, आणि नेमकं ते गोठवणंच त्याला सोसेना. प्लास्टिकच्या बारीक कांडीत भरून गोठवायचं, कोमट पाण्यात वितळवून पाहायचं, तर शुक्राणू निपचित. मग दादांनी जस्ताचे नॅनोकण आणवले, डोळ्यांना न दिसणारे. ते वीर्याच्या द्रावणात मिसळले की गोठताना शुक्राणूचं आवरण फाटत नाही.

“थंडीत लेकराले दुलई देतो न, तसंच,” त्यांनी काकूंना समजावलं.

“दुलई द्या, पण माह्या तांबड्याले तरास नोका देऊ,” काकू म्हणाल्या.

कण मिसळायचं काम माझ्याकडे होतं. मी नेरच्या कापूसवाल्याची पोर. फवारणीच्या पंपात औषधाचं एक झाकण जास्त टाकल्याशिवाय अळी मरते, यावर आमच्या बाबांचा विश्वास नव्हता. मीही हात सैल सोडला, कण थोडे जास्तच टाकले. थोडे असले तर ते राखण करतात, जास्त झाले की तेच विष. म्हाताऱ्या तांबड्यानं महिन्याभरानं एकदा दिलेलं सगळं वीर्य गोठवण्याआधीच नासलं. मी रडतच दादांना खरं सांगितलं.

“कायले रडून राह्यली? माह्या बापानंही जल्मभर झाकण जास्तच टाकलं. आता मोजून टाकजो.”

पुढे मोजूनच टाकलं. तांबडा जायच्या आत बारा कांड्या जमल्या. अकरांतून चार कालवडी झाल्या, वंश चालवायला गोऱ्हा मात्र एकही नाही. बारावी दादांनी काकूंच्या नव्या गाईसाठी राखली होती. गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला, गाय माजावर आली म्हणून. कांडीवर दादांच्या हातची बारीक अक्षरं होती. खरं सांगते, ती वापरावीशी वाटत नव्हती. पण जपून ठेवली असती तर दादांनी मला माफ केलं नसतं.

गोठ्यात कांडी कोमट पाण्यात सोडली.

“जपून वं पोरी,” काकू म्हणाल्या. “डाक्टरसायबाच्या हातून एकडाव सारं नासलं होतं. त्याईनंच सांगतलं मले.”

दादांनी माझी चूक स्वतःवर घेतली होती, आणि मला कधी कळूही दिलं नव्हतं.

“काकू, ते माझ्या हातून नासलं होतं.”

“मालूम हाय मले,” काकू म्हणाल्या. “त्याईले खोटं बोलता कुठं येत होतं?”

आणि गाईची शेपटी बाजूला धरून त्या माझ्यासाठी उभ्या राहिल्या.